आधीचा आकडा कुठाय?

वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जन मिरवणूक मेन रोडला लागली की दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांची तावदानं वाजायला लागतात. नाशिक ढोलाचा दणका छातीत बसतो, मग भिंतीला बसत नसेल का, असं कुणालाही वाटावं. मी इमारतींची कंपनं मोजते हे ओळखीच्यांना माहीत आहे, त्यामुळे भाद्रपदात कुणी ना कुणी फोन करतंच. ‘अगं, एवढ्या ढोलांनी आमचा वाडा बसेल का?’

सहसा नाही बसत. तावदान हलकं आणि चौकटीत सैल, ते नुसत्या आवाजानेही थरथरतं. दोन-अडीच फुटी भिंत त्या आवाजाला फारशी भीक घालत नाही. डीजेच्या भिंतींबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, कारण सुटलेला गिलावा आणि निसटलेलं कौल खाली यायला फार मोठं निमित्त लागत नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो कुणी विचारत नाही. ढोल नसतात तेव्हा वाडा काय करत असतो?

हलत असतो. अखंड. वारा लागतो, वळणावर एसटी गिअर बदलते, शेजारची पिठाची गिरणी चालू होते. पार अरबी समुद्राच्या लाटांनी जमिनीत पाठवलेली मंद हालचालसुद्धा नाशिकच्या खडकातून पोचते. या सगळ्याची मिळून जी थरथर होते ती गुरुत्वाकर्षणाच्या काही दशलक्षांश भागाएवढी. तळव्याला कळत नाही, भिंतीला कान लावला तरी कळत नाही. चांगल्या प्रतीच्या ॲक्सेलरोमीटरला, म्हणजे कंपन टिपणाऱ्या सेन्सरला, कळते.

आता यातली गंमत अशी, की ढकलणारे हात शंभर असले तरी इमारत झुलते ती आपल्याच लयीत. सेकंदाला किती वेळा झुलायचं हे दोन गोष्टींवर ठरतं, तिचं वजन आणि तिचा ताठरपणा. वजन वाढलं की लय मंदावते, ताठरपणा वाढला की लय चढते. हिलाच नैसर्गिक वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. शिवाय प्रत्येक लयीचा स्वतःचा आकार असतो. एका लयीत सगळं शिखर एका बाजूला कलतं, दुसरीत पिळवटतं, तिसरीत मंडप एकीकडे आणि गाभारा दुसरीकडे जातो. थोड्या थोड्या अंतरावर सेन्सर ठेवले की हे आकारही मिळतात. भोक पाडायचं नाही, दगड काढायचा नाही. भिंतीच्या पोटातला ताण मोजायची फ्लॅट-जॅक नावाची पद्धत आहे, तीही उत्तम, पण तिला दरजेत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यात, आडवी चीर घ्यावी लागते. देवळाच्या भिंतीला चीर घ्यायची परवानगी मागून बघा, म्हणजे कंपनमापन इतकं लोकप्रिय का झालं ते समजेल.

दगडी बांधकामाला ही पद्धत विशेष लागू पडते, त्याचं कारण दगडात नाही. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, दोन-तीनशे वर्षांत फारसा दमत नाही. दमतो तो सांधा. जुनी जाड भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी बहुतेक वेळा आत तीन पदर असतात. दोन्ही तोंडांना घडीव दगड आणि मधे कपच्या, गोटे, चुना यांची भर. दरजा उघड्या पडल्या की पाणी आत शिरतं, चुना धुऊन नेतं, भर खाली बसते आणि तोंडाचे दोन्ही पदर हळूहळू एकमेकांची साथ सोडतात. वजन जवळजवळ तेवढंच राहतं, ताठरपणा घटतो. म्हणजे वारंवारता खाली आली तर बोट बहुधा सांध्यांकडेच दाखवायचं.

पण हे बोट फार सावधपणे दाखवावं लागतं. वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताठरपणा निम्म्यावर आला तरी वारंवारता निम्मी होत नाही, एकाहत्तर टक्क्यांच्या आसपास राहते. ताठरपणा दहा टक्क्यांनी घटला तर वारंवारता जेमतेम पाच टक्क्यांनी उतरते. आजाराची खूण बारीक असते, आणि बारीक खूण वाचायची तर आधीचं काहीतरी हातात असावं लागतं.

पंचवटीतल्या एका लहानशा खासगी देवस्थानाच्या देवळात हे मला फार नेमकं कळलं. देऊळ उत्तर पेशवाईतलं असावं. विश्वस्तांना शिखराजवळची एक चीर वाढल्यासारखी वाटत होती. आम्ही शेजारतीनंतर सामान लावायला घेतलं. सेन्सर म्हणजे मुठीत मावेल असा धातूचा ठोकळा. दगडाला स्क्रू मारायचा नाही, म्हणून जड लोखंडी पट्टी समपातळीत बसवून तिच्यावर तो घट्ट करायचा. शिखराच्या अगदी वरच्या थरावर ठेवलेला एक सेन्सर शेवटपर्यंत हलवायचा नाही, बाकीचे टप्प्याटप्प्याने खाली आणायचे, म्हणजे सगळ्या नोंदी त्या एकाशी ताडून बघता येतात. प्रत्येक टप्प्याला वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसायचं. या वेळात कुणी चालायचं नाही असा नियम आम्ही मुलांना सांगतो आणि स्वतःच विसरतो.

कोणत्या वारंवारतेला किती थरथर आहे याचा आलेख पडद्यावर उमटला. त्यात एक काटकोळं, सुईसारखं टोक होतं, अठ्ठेचाळीस हर्ट्झवर. बरोबरचा नवा मुलगा खूश झाला. मी म्हटलं, थांब. इमारतीचं टोक असं सुईसारखं नसतं, त्याला बूड असतं, कारण दगडचुन्यात ऊर्जा मुरते आणि टोक पसरतं. सुई दिसली की यंत्र शोधायचं. शेजारच्या सोसायटीच्या टाकीचा पंप चालू होता. मिनिटाला 2880 फेरे घेणारी मोटर म्हणजे सेकंदाला बरोबर अठ्ठेचाळीस. पंप थांबला, सुई गेली. देवळाची खरी टोकं पुष्कळ खाली होती, बसकी आणि रुंद, आणि ती तशीच राहिली. त्यांतलं कोणतं खरं आणि कोणतं गोंगाटाचं हे पारखायला आता चांगल्या रीती आहेत. सगळ्या सेन्सरांच्या नोंदी एकत्र करून त्यांतून एकेक लय सुटी करता येते. त्या गणितात इथे शिरत नाही.

पहाटे काकड्याला गुरुजी आले. त्यांनी सगळी तारांची वेटोळी बघितली, पडदा बघितला आणि सोवळं सांभाळत लांबूनच विचारलं,

‘मग ताई, पास की नापास?’

‘गुरुजी, तसं सांगता येत नाही एका रात्रीत.’

‘रात्रभर जागलात, यंत्रं लावलीत. आकडा तर आलाय म्हणता.’

‘आलाय. पण आधीचा आकडा कुठाय?’

गुरुजी हसले. ‘आधी कुणी विचारलंच नव्हतं हो देवळाला.’

एवढ्यात सारं आलं. चीर वाढली का, हा प्रश्न काळाबद्दलचा होता आणि आमच्याकडे एकाच रात्रीचं उत्तर होतं. या विषयावरची प्रेझेंटेशनं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत रंगीत आकृत्या असतात, शिखर डोलताना दाखवतात, सभागृह प्रभावित होतं. पण पहिलं मोजमाप हे निदान नसतं. ती फक्त पहिली नोंद असते. हे स्पष्ट न सांगता अहवालात ‘संरचना सुरक्षित आहे’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आपल्याकडे पूर मोजतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं म्हटलं की अख्ख्या नाशिकला कळतं काय करायचं. सराफ बाजारातला दुकानदार कमरेशी पाणी येताच माल वर चढवायला घेतो. मारुतीवर फूटपट्टी कोरलेली नाही. 1969 ला पाणी कुठवर होतं, 2008 ला कुठवर आणि 2019 ला कुठवर, हे लोकांच्या डोक्यात आहे म्हणून तो मापक. उद्या तोच मारुती नवख्या गावच्या नदीत नेऊन उभा केला तर छातीभर पाण्यातूनही त्या गावाला काही बोध होणार नाही. देवळाच्या वारंवारतेचं अगदी तसंच आहे. तिला गावाची आठवण लागते.

ज्यांनी अशी आठवण जपली त्यांना काय मिळालं हे बघण्यासारखं आहे. इटलीत मांतोवा गावात गाब्बिया नावाचा मध्ययुगीन मनोरा आहे, चोपन्न मीटर उंच, विटांचा. मे 2012 च्या भूकंपानंतर मिलानच्या पॉलिटेक्निकच्या मंडळींनी त्याची तपासणी केली आणि पुढे वर कायमचे सेन्सर बसवले. पहिली लय सेकंदाला साधारण एक झोका, जवळजवळ हृदयाच्या ठोक्याइतकी. महिनोन्‌महिने नोंद झाल्यावर दिसलं की उन्हाळ्यात वारंवारता चढते आणि थंडीत उतरते. आपण म्हणू उन्हाने बांधकाम सैल पडायला हवं. पण तापून विटा फुगतात, बारीक चिरा मिटतात आणि मनोरा उलट ताठ होतो.

पोर्तुगालमधल्या मोगादोरोच्या घड्याळ मनोऱ्याची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात पाऊस आहे. तो मनोरा फार चिरफळला होता. त्याची दुरुस्ती करण्याआधी मिन्हो विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कंपनं मोजून ठेवली आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजली. पहिली वारंवारता सव्वादोनच्या आतून अडीच हर्ट्झच्या वर गेली. ठेकेदाराने काम केलं का, याचं इतकं निर्विवाद उत्तर बिलाच्या फायलीत कधी सापडत नाही! पुढे तिथे नोंद चालू ठेवली तेव्हा कळलं की पावसाळा सुरू होऊन भिंतींनी पाणी प्यायलं की वारंवारता काही टक्के खाली येते. म्हणजे नुकसान काहीच नाही, नुसती ओल, आणि आकडा घसरलेला.

आता हे नाशकात आणून बघा. मे महिन्यात पारा चाळीसला टेकतो. काळा पाषाण दुपारी हात लावू देत नाही. जून सरता सरता त्याच दगडावरून पागोळ्या लागतात आणि सप्टेंबरपर्यंत दरजा हिरव्या राहतात. डिसेंबरात पहाटे पारा एक आकडी होतो, निफाडकडे तर आणखी खाली. या तिन्ही ऋतूंत तेच देऊळ तीन आकडे देणार. एप्रिलमध्ये मोजून पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोजलं आणि आकडा उतरला म्हणून देऊळ खचलं अशी बोंब ठोकली, तर ती शास्त्राच्या नावाने केलेली भोंदूगिरी ठरेल. निदान एक वर्षभराचा फेरा हातात हवा. पेरुजातल्या सान पिएत्रो चर्चच्या घंटामनोऱ्याच्या बाबतीत अशी वर्षाहून जास्त काळाची नोंद होती, म्हणून 2016 च्या मध्य इटलीतल्या भूकंपांनंतर वारंवारतेत झालेली अगदी किरकोळ पण कायमची घट ओळखता आली. तापमानाचा हिशोब वजा केल्यावरच ती दिसली. केंद्र बरंच दूर होतं, मनोरा उभाच होता, पण त्याने ते भूकंप आपल्या खात्यात लिहून ठेवले होते.

आपल्याकडे कुतुबमिनारावर असं काम झालं आहे, पोर्तुगीज संशोधकांच्या साथीने. त्याचीही पहिली लय सेकंदाला एका झोक्याच्या आतच निघाली. मिनार आणि मनोरे या पद्धतीचे लाडके, कारण उंच सडपातळ गोष्ट सहज झुलते. नाशिकची देवळं त्या मानाने बैठी. रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या दगडातून उभा केलेला काळाराम घ्या किंवा सिन्नरचं गोंदेश्वर घ्या, बुंधा रुंद, वजन खाली. असं बांधकाम फार कमी हलतं, त्यामुळे सेन्सर जास्त संवेदनशील लागतात आणि रात्र शांत लागते. वर आणखी एक अडचण म्हणजे देऊळ ताठ असेल तर पायाखालची जमीन त्याच्याबरोबर झुलते आणि मोजलेल्या आकड्यात जमिनीचाही वाटा येतो. मोबाइलमधल्या सेन्सरवर हे करता येईल का, असं कॉलेजची मुलं हमखास विचारतात. ढोलपथक जात असताना काहीतरी दिसेल. रात्रीची थरथर त्या सेन्सरच्या स्वतःच्या कुरकुरीतच बुडून जाते.

वाड्यांची तर तऱ्हाच निराळी. खाली दगडी जोतं, वर पातळ विटा, आत सागवानी खांब-तुळया, आणि दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याशी टेकलेली, कधी सामाईक. अशा वाड्यावर सेन्सर ठेवला तर बहुतेकदा सगळी आळीच बोलते. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, मालक-भाडेकरूंचे वाद कोर्टात पडून असतात आणि जुलैत एखादी भिंत येते. भिंत येण्याची कारणं बातमीत पाऊस म्हणून छापली जातात. मला अनेकदा वाटतं की त्यातलं अर्धं कारण शेजारी आहे. लगतचा वाडा नव्या इमारतीसाठी पाडला की इतकी वर्षं त्याच्या खांद्यावर असलेली भिंत एकाएकी मोकळी पडते. तिची लय त्याच आठवड्यात बदलत असणार. आधी आणि नंतर असं मोजून ठेवायला दोन रात्री पुरतील. पण पाडकामाच्या परवानगीच्या कागदांत शेजारच्या भिंतीच्या प्रकृतीचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

या पद्धतीला काय जमत नाही तेही सांगायला हवं. ती समग्र अंगाचं सांगते, नखाचं नाही. सुटलेली एखादी तोडी, पोकळ झालेला एखादा दगड तिला बहुधा दिसणारच नाही. त्यासाठी अजूनही पाथरवटाची छोटी हातोडी सरस. भरीव दगड खणखणतो, पोकळ किंवा सुटलेला बद्द वाजतो, आणि जाणता माणूस भिंतीवरून हातोडी टकटकवत जाताना जिथे थांबतो तिथे मी खडूने खूण करून घेते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रात्रीची थरथर इतकी नाजूक असते की चिरा उघडतच नाहीत, म्हणून भिंत असते त्याहून ताठ भासते. खऱ्या धक्क्यात चिरा उघडतील आणि सगळं गणित मऊ पडेल. त्यामुळे या आकड्यांवर जुळवलेलं संगणकातलं प्रारूप भूकंपाला लावताना हात राखून ठेवावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे पदर वेगळे होऊन कोसळले. जाडी होती, वजन होतं, पण आतलं आणि बाहेरचं तोंड बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. नाशिक 2016 च्या भारतीय भूकंप मानकात तिसऱ्या झोनमध्ये आहे. कळवणकडचे बारीक धक्के दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या यंत्रांवर उमटतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत येतात. जमीन किती हलली ते आपल्याला कळतं. तिच्यावर उभं असलेलं काय म्हणालं ते कळत नाही.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, वाहनांसकट. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्यांची लगबग उडाली. पुलाच्या पायाखालची माती पुराने खरवडून नेली तर पायाचा आधार कमी होतो आणि लय बदलते, म्हणून पुलांच्या बाबतीत ही पद्धत पाण्याखाली बुडी न मारता काही सांगू शकते. आपला होळकर पूलही जुना, दगडी, आणि गोदावरीचे किती पूर त्याच्या अंगावरून गेले! त्याच्यासाठी पूर ओसरल्यावरचं एक मोजमाप दरवर्षी ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता सिंहस्थ. रस्ते उकरले जाताहेत, ब्रेकर खडकात घुसताहेत, कंप देणारे रोलर गल्लीबोळांत फिरताहेत. यांचा हादरा मोजायचं शास्त्र वेगळं आणि सोपं आहे. बाहेरून किती कंप आला, एवढंच बघायचं असतं. जर्मन मानकात जुन्या नाजूक वास्तूंच्या पायाशी कमी वारंवारतेला सेकंदाला तीन मिलिमीटर ही कंपनाच्या वेगाची मर्यादा सुचवली आहे, साध्या घरांना पाच. रोलरचा कंप बंद करून नुसता वजनाने फिरवला तरी पुष्कळ फरक पडतो, चालकाला सांगायची खोटी. पण मर्यादा पाळली म्हणून देऊळ जसंच्या तसं राहिलं हे सिद्ध होत नाही. त्यासाठी काम सुरू होण्याआधीची एक रात्र आणि संपल्यानंतरची एक रात्र लागते, शक्यतो सारख्याच हवेतली. मंदिरांच्या दुरुस्तीसाठीही तेच. सुंदरनारायण मंदिरासारखं ज्याचं जतनाचं काम पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं, तिथे नव्याने बसलेल्या दगडांची पहिली नोंद म्हणजे पुढच्या शंभर वर्षांचा मापक. खर्च किती, तर एका बऱ्यापैकी रोषणाईहून कमी.

अडतं ते पैशापाशी नाहीच. अडतं ते कागद कुणी सांभाळायचा इथे. सल्लागार बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते, हार्ड डिस्क मरते. मोगादोरोत विद्यापीठ होतं, मांतोवात विद्यापीठ होतं. आपल्याकडे मला सगळ्यात टिकाऊ वाटतं ते देवस्थानाचं दप्तर. ज्या कपाटात कित्येक वर्षांच्या वर्षासनांच्या पावत्या शाबूत आहेत तिथे आणखी एक पान राहील.

म्हणून त्या पंचवटीच्या देवळात मी अहवालाबरोबर एका पानाचा तक्ता करून दिला. तारीख, वेळ, दगडाचं तापमान, गेल्या आठवड्यात पाऊस झाला की नाही, सेन्सर कुठल्या थरावर कुठे ठेवला त्याचा फोटो, आणि पहिल्या चार लयींचे आकडे. खाली बाकीच्या ओळी कोऱ्या. गुरुजींनी चष्मा लावून तो वाचला, पेन घेतलं आणि तारखेसमोर तिथी लिहिली. वर म्हणाले, ‘एकादशीला नका येऊ हं मोजायला, पहाटे तीनपासून रांग असते.’ मी तक्त्यात गर्दीचा एक रकाना वाढवला. पुढची नोंद श्रावण संपल्यावर, भिंती ओल्या असतानाच घ्यायची ठरली आहे. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पंपाबद्दल आधी फोन करायचा, हे गुरुजींनी स्वतःकडे घेतलं आहे.